पॉइंट शेवटी मोजा : युरोपात हॉटेलची दुसरी सभासद-योजना घ्यावी का?

बदलापूरला बेलवलीत आमच्या इमारतीत दिवाळी संपली की दोन विषय निघतात. एक पाण्याचा, दुसरा मे महिन्याच्या सुटीचा. पूर्वी सुटी म्हणजे कोकण किंवा महाबळेश्वर. आता कुणाची मुलगी जर्मनीत शिकते, कुणाचा भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. त्यांच्याकडे जायचंच आहे तर पॅरिस, रोम, स्वित्झर्लंडही बघून येऊ, असा बेत ठरतो. मागच्या महिन्यात शेजारच्या ताई वही घेऊन आल्या आणि त्यांनी नेमका प्रश्न विचारला : "आमच्या क्रेडिट कार्डाबरोबर एका हॉटेल-साखळीचं सभासदत्व आलंय. पण युरोपात त्या साखळीची हॉटेलं आमच्या बजेटबाहेरची दिसतात. दुसऱ्या साखळीचं सभासदत्व घेऊन काही वाचेल का?"

वाचेल. मात्र बहुतेकांना वाटतं तिथे नाही. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही दोघींनी जो हिशेब मांडला, तोच इथे देते आहे. हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. खोल्यांचे आणि नाश्त्याचे दर उदाहरणादाखल आहेत. तुमच्या तारखांचे दर घालून आकडे बदलून घ्या.

दुसरी योजना म्हणजे काय, आणि ती लागते कशाला?

आपल्याकडे बहुतेक घरांत हॉटेलची पहिली योजना कार्डामुळे किंवा नोकरीमुळे आलेली असते. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड २०२३ साली आलं. त्याचं वार्षिक शुल्क ३००० रुपये अधिक जीएसटी. अनेकांकडे टाटा समूहाचे पॉइंट असतात, ते ताजमध्ये चालतात. भारतात या योजना कामाच्या आहेत. युरोपात मात्र ताजचं ठळक नाव म्हणजे लंडनचं सेंट जेम्स कोर्ट. आणि युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. मॅरियटची हॉटेलं युरोपभर आहेत, पण त्यांतली बरीच वरच्या दरांतली. चार माणसांचं कुटुंब बारा रात्री तिथे राहिलं तर पॉइंट भरपूर मिळतील, पण त्याआधी खिसा रिकामा होईल.

म्हणून दुसरी योजना. पहिली सोडायची नाही, ती भारतासाठी राहू द्यायची. युरोपात ज्या साखळीची मध्यम दराची हॉटेलं आपल्या वाटेवरच्या शहरांत, रेल्वे स्टेशनजवळ आहेत, तिचं फुकट सभासदत्व घ्यायचं. लक्षात ठेवा, एकच. तीन साखळ्यांत बारा रात्री वाटल्या तर तिन्हीकडे थोडे थोडे पॉइंट पडून राहतात आणि शेवटी कुठलेच उपयोगी पडत नाहीत.

कोणती निवडावी?

फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असा नेहमीचा मार्ग असेल, तर पहिलं नाव अकोर समूहाचं. त्याचे संस्थापक पॉल द्युब्रूल आणि जेरार पेलिसाँ यांनी १९६७ साली उत्तर फ्रान्समध्ये लीलजवळ पहिलं नोव्होटेल उघडलं. १९७४ मध्ये बोर्दोला पहिलं आयबिस आलं. म्हणजे हा समूह मुळातच युरोपातला. म्हणून तिथल्या मध्यम शहरांतही त्यांचं एखादं आयबिस, मर्क्युअर किंवा नोव्होटेल सापडतं. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनपाशी नोव्होटेल आहे, आणि स्वित्झर्लंडला जाणाऱ्या वेगवान गाड्या याच स्टेशनातून सुटतात. सामान आणि मुलं घेऊन सकाळी सातला टॅक्सी शोधावी लागत नाही.

ब्रिटनला आणि जर्मनीला अधिक दिवस असतील तर हॉलिडे इन ज्यांचं, त्या आयएचजीची योजना बघा. त्यांच्या हॉलिडे इन एक्स्प्रेसमध्ये नाश्ता भाड्यातच असतो. उत्तरेकडे, नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्कला, रॅडिसन पुष्कळ आहे. लहान शहरांतून फिरणार असाल तर बेस्ट वेस्टर्नकडे पाहा. त्यांच्या योजनेचे पॉइंट मुदत संपून बाद होत नाहीत, आणि दहा वर्षांतून एकदा परदेशी जाणाऱ्या घराला ही मोठी सोय आहे.

आणि कधी कधी उत्तर "कुठलीच नाही" असंही असतं. लाउटरब्रुनेन किंवा हॉलस्टाटसारख्या डोंगरातल्या गावात घरगुती हॉटेलं चांगली असतात. तिथे पॉइंटांसाठी साखळी शोधत बसू नका. ब्रिटनच्या प्रीमियर इन साखळीत पॉइंटांची योजनाच नाही. तरी तिथे मोठ्यांनी नाश्ता घेतला की सोबतच्या १६ वर्षांखालच्या दोन मुलांना तो फुकट मिळतो. नियम एवढाच : आधी प्रवासाचा मार्ग, मग हॉटेल, मग योजना. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे जातात.

आधी खोली, मग पॉइंट

युरोपातल्या दोन-तीन तारांकित हॉटेलातली खोली आपल्या कल्पनेपेक्षा लहान असते. दोघांची खोली म्हणजे दोघांचीच. "मुलांना खाली गादी टाकून द्या" हे तिथे चालत नाही. अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार खोलीत किती माणसं राहू शकतात हे ठरलेलं असतं. त्यामुळे आई-बाबा आणि दोन मुलं असली की वेबसाइट सरळ दोन खोल्या दाखवते.

खरा पैसा इथे वाचतो. नोव्होटेलचं धोरण असं आहे की आई-वडिलांच्या खोलीत १६ वर्षांखालची दोन मुलं फुकट राहतात आणि त्यांचा नाश्ताही फुकट असतो. खोलीत उघडता येणारा सोफा असतो. मात्र बुकिंग करताना मुलांची वयं भरावी लागतात, आणि त्या हॉटेलच्या पानावर ही सवलत लागू असल्याचं स्वतः वाचावं लागतं.

शेजारच्या ताईंची मुलं ९ आणि १३ वर्षांची. दोन स्वस्त खोल्या प्रत्येकी ११० युरोंच्या धरल्या तर रात्रीचे २२० युरो. चौघांची एक खोली १५० युरोंची. फरक रात्रीला ७० युरो. बारा रात्रींचे ८४० युरो, म्हणजे ८४ हजार रुपये. नाश्ता यात धरलेलाच नाही. हा आकडा मनात ठेवा, कारण आता पॉइंटांचा आकडा येतो आहे.

पॉइंटांचं खरं मोल

अकोरच्या योजनेची एक गोष्ट मला आवडते : पॉइंटांची किंमत ठरलेली आहे. २००० पॉइंट म्हणजे ४० युरोंची सूट. हंगाम कुठलाही असो, शहर कुठलंही असो. काही योजनांत एकाच खोलीला नोव्हेंबरात एक भाव आणि जूनमध्ये दुप्पट पॉइंट लागतात; शाळेच्या सुटीतच प्रवास करू शकणाऱ्यांचं त्यात नुकसान होतं.

मिळकत अशी : सुरुवातीच्या पातळीच्या सभासदाला नोव्होटेल, मर्क्युअरसारख्या हॉटेलांत दर १० युरोंमागे २५ पॉइंट, आणि आयबिसमध्ये त्याच्या निम्मे. म्हणजे नोव्होटेलमध्ये खर्चाच्या ५ टक्के परत, आयबिसमध्ये अडीच टक्के.

ताईंच्या बारा रात्री, रात्रीला कर वगळून १५० युरो : एकूण १८०० युरो. पॉइंट ४५००. सूट २००० च्या पटीत मिळत असल्यामुळे ४००० वापरता येतील, म्हणजे ८० युरो. उरलेले ५०० तसेच राहतील.

८० युरो म्हणजे ८ हजार रुपये. रक्कम लहान नाही. पण योग्य खोली निवडून वाचलेले ८४ हजार आणि हे ८ हजार शेजारी लिहा. दुसऱ्या योजनेचा फायदा कुठे आहे हे एका नजरेत कळतं.

हे पॉइंट वापरायचे कधी? अकोरच्या योजनेत ३६५ दिवस एकदाही मुक्काम किंवा मिळकत झाली नाही तर पॉइंट बाद होतात. आयएचजीत सुरुवातीच्या पातळीला मुदत १२ महिने, मॅरियटमध्ये २४ महिने. पुढच्या सहलीची वाट पाहू नका. पहिल्या शहरांतले पॉइंट मुक्काम संपल्यावर काही दिवसांत खात्यात येतात. म्हणून शेवटच्या शहराचं बुकिंग रद्द करता येण्याजोगं ठेवा. वाटेत पॉइंट जमा झाले की तेच बुकिंग सूट लावून नव्याने करा आणि जुनं रद्द करा. मात्र नव्या दराची जुन्याशी तुलना करून मगच. तेवढं जमलं नाही तर परत आल्यावर वर्षाच्या आत तुर्भ्याच्या किंवा विमानतळाजवळच्या आयबिसमध्ये एखादी रात्र राहा. पहाटेच्या विमानासाठी बदलापूरहून रात्री निघण्यापेक्षा ती रात्र सार्थकी लागते.

कार्ड परत काय घेऊन जातं

आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चाला ३.५ टक्के अधिभार लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. १८०० युरोंवर हे होतात ७४ युरोंहून थोडे जास्त.

पुन्हा वाचा. पॉइंटांनी ८० युरो दिले आणि कार्डाने ७४ नेले. वर्षभर "पॉइंट, पॉइंट" करणाऱ्या घराच्या हाती ६ युरो राहिले. म्हणून युरोपला निघण्याआधी नवी हॉटेल-योजना शोधण्याइतकाच वेळ कमी अधिभाराचं किंवा बिनअधिभाराचं कार्ड शोधायला द्या. बँकेला एकच प्रश्न विचारा : "परदेशी चलनाच्या व्यवहारावर अधिभार किती टक्के, जीएसटीसकट?" उत्तर ईमेलवर मागा.

आणखी एक जागा आहे, जिथे मी स्वतः फसले. एका हॉटेलात हिशेब चुकता करताना रिसेप्शनवरच्या मुलाने मशीन माझ्याकडे फिरवलं. पडद्यावर दोन आकडे होते, एक युरोत, एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून मी रुपयांचं बटण दाबलं. रात्री मुलाने फोनवर भाव काढून दाखवला तेव्हा कळलं की त्या मशीनने युरोचा दर स्वतःच्या मनाने लावला होता आणि तो चालू दरापेक्षा बराच चढा होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला मी एक वाक्य पाठ करायला लावते : मशीनवर नेहमी तिथलं चलन, रुपये कधीच नाही. एटीएमवरही हेच.

शहरकर : बुकिंगमध्ये न दिसणारी रक्कम

युरोपातली बहुतेक मोठी शहरं पाहुण्यांकडून मुक्कामाचा कर घेतात. तो अनेकदा बुकिंगच्या रकमेत नसतो, हॉटेलात वेगळा भरावा लागतो. पॉइंटांवर घेतलेल्या रात्रीलाही तो लागू शकतो.

रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून तीन तारांकित हॉटेलला माणशी रात्रीला ६ युरो, चार तारांकितला साडेसात. १० वर्षांखालच्या मुलांना माफ. ताईंचं धाकटं मूल सुटलं, थोरलं नाही. तीन माणसं, तीन रात्री, तीन तारांकित : ५४ युरो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के : १५० युरोंच्या दोन रात्रींवर साडेसदतीस युरो. पॅरिसमध्ये २०२४ साली तीन तारांकितला मोठ्या माणसामागे रात्रीला ५.२० युरो, १८ वर्षांखाली माफ. दोघांचे तीन रात्रींचे ३१.२० युरो. हे दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी पुन्हा पाहा.

तीन शहरांची बेरीज १२२ युरोंच्या पुढे. आठ रात्रींतच पॉइंटांच्या ८० युरोंना करानं मागे टाकलं. चार तारांकित हॉटेल असेल तर आणखी जास्त. तेव्हा दोन हॉटेलांच्या दरांची तुलना करताना कर धरूनच करा.

हा कर कुठे कुठे काही परतही देतो. बासेलमध्ये हॉटेलात राहणाऱ्याला पाहुण्यांचं कार्ड मिळतं आणि त्यावर शहरातल्या ट्रॅम-बस फुकट असतात. स्वित्झर्लंडमध्ये इतरत्रही अशी कार्डं आहेत. चेक-इन करताना "गेस्ट कार्ड" मागून घ्या; कधी कधी ते न मागता दिलं जात नाही.

व्हिसा आणि रद्द करता येणारं बुकिंग

शेंगेन व्हिसासाठी सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ वर्षांखालच्या मुलांना ४५. तेरा वर्षांचं मूल मोठ्यांत धरलं जातं. ताईंच्या घराचे झाले ३१५ युरो, अधिक अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, अधिक किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-विमा. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही.

म्हणूनच व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलांची बुकिंगं रद्द करता येणारीच हवीत. साखळीच्या स्वतःच्या ॲपवर दोन दर शेजारी दिसतात : एक स्वस्त पण परतावा नसलेला, दुसरा थोडा महाग पण ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द होणारा. आधी दुसरा घ्या. व्हिसा आला की पहिल्यात बदला. ती शेवटची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा; वेळ तिथली धरली जाते, आपली नाही.

बुकिंगवर प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे लग्नाआधीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव यांची सरमिसळ असते. सभासदत्वाच्या खात्यात एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर व्हिसाच्या कागदांतही प्रश्न उभा राहतो आणि पॉइंट अडकतात ते वेगळंच.

नाश्ता, किटली आणि वरण-भात

दोन मोठ्यांचा नाश्ता माणशी १५ युरो धरला तर बारा दिवसांचे ३६० युरो. पॉइंटांच्या साडेचारपट. शाकाहारी असाल तर ब्रेड, चीज, दही, फळं, कॉर्नफ्लेक्स एवढंच बहुधा ताटात येईल. तेवढ्यासाठी रोज पैसे मोजायचे की कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातून आणायचं, हे आधी ठरवा आणि बुकिंग करताना नाश्त्यासह व नाश्त्याविना असे दोन्ही दर बघा.

घरून नेलेल्या झटपट उपमा-पोह्यांच्या भरवशावर असाल तर एक सूचना : तिथल्या साध्या हॉटेलात खोलीत किटली असेलच असं नाही. लहानशी प्रवासी किटली आणि तिथल्या प्लगचा ॲडॅप्टर सोबत ठेवा. चार रात्रींपेक्षा जास्त मुक्काम एकाच शहरात असेल तर स्वयंपाकघराची सोय असलेलं अपार्टमेंट-हॉटेल घ्या. अकोरच्या भागीदारीतली आदाजिओ ही अशी एक साखळी आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर संध्याकाळचा गरम वरण-भात सगळ्या सहलीचा सूर सांभाळतो.

हे करू नका

टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर योजनेच्या मागे लागू नका. केसरीची स्थापना १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ पासूनची. अशा कंपन्यांमुळे हजारो मराठी घरांनी युरोप पाहिला. समूह-सहलीत हॉटेल कंपनी घेते, त्यामुळे त्या मुक्कामाचे पॉइंट प्रवाशाला सहसा मिळत नाहीत. त्यात बिघडलं काहीच नाही. फक्त सहलीच्या पैशांबरोबर कंपनीने घेतलेल्या टीसीएस या आगाऊ कराची पावती जपा. तो कर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

इतर बुकिंग-साइटवरून खोली घेतली तर साखळीचे पॉइंट सहसा मिळत नाहीत. तिथे दर खूपच कमी असेल तर खुशाल तिथून घ्या. पॉइंटांचे ५ टक्के वजा करून तुलना करा, म्हणजे निर्णय सोपा होतो.

वार्षिक शुल्क असलेली सभासदत्वं केवळ युरोपच्या एका सहलीसाठी विकत घेऊ नका. त्यांचे जेवणावरचे आणि मुक्कामावरचे फायदे पुष्कळदा ठरावीक प्रदेशापुरते असतात. पॉइंट रोख पैसे देऊन विकत घेऊ नका. वरची पातळी गाठण्यासाठी रात्री वाढवू नका. अकोरमध्ये दहा रात्रींनी सिल्व्हर मिळतं. बारा रात्रींत ते आपसूक होईल. त्यानं एखादं स्वागत-पेय मिळेल, चेक-आउटला थोडा उशीर चालवून घेतील. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

निघण्याआधीचा क्रम

सहा महिने आधी मार्ग आणि रात्री ठरवा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मार्गावरच्या शहरांत कोणती साखळी स्टेशनजवळ आहे हे नकाशावर पाहा आणि तिचं फुकट सभासदत्व पासपोर्टवरच्या नावाने घ्या. मुलांची वयं भरून रद्द होणारी बुकिंगं करा. अधिभाराबद्दल बँकेला लिहा. प्रत्येक शहराचा कर वहीत मांडा. चेक-इनला सभासद क्रमांक नोंदला आहे ना, हे विचारा. प्रत्येक हॉटेलचं अंतिम बिल जपा. पॉइंट आले नाहीत तर मागणी करताना तोच पुरावा लागतो. भारतातल्या टूर कंपनीबद्दल किंवा बुकिंग-साइटबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून तिच्या संघांतून महिन्याचं सामान एकत्र घेणाऱ्या बायकांनी घराघरांत एक शिस्त रुजवली : आधी आपल्याला काय लागतं त्याची यादी, मग भाव. भेटवस्तू बघून डबा निवडायचा नाही. हॉटेलच्या पॉइंटांनाही तीच शिस्त लावायची आहे.

ताईंच्या वहीत आता क्रम असा आहे : खोली, व्हिसा, नाश्ता, शहरकर, कार्डाचा अधिभार. सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, ८० युरोंचे पॉइंट. त्यापुढे त्यांनी पेन्सिलने लिहिलं आहे, "रोमची शेवटची रात्र".